ओहलांगेची शाळा आणि समुद्रापलीकडची वर्गणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी इतिहासविषयक एक तरी लेख असावा, असा परिपाठ आहे. आणि तो लेख बहुधा आपल्या मूळ गावांविषयी, कुलदैवतांविषयी अथवा ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाविषयी असतो. या वर्षी आम्ही ती मळलेली वाट सोडून वाचकांस आफ्रिकेच्या दक्षिण भागात, नाताळ प्रांतातील इनांडा नावाच्या डोंगराळ मुलखात नेणार आहोत. यामागील कारण सांगणे अगत्याचे आहे.

मागील वार्षिक सभेत विद्यार्थी-साहाय्य निधीचा विषय निघाला, तेव्हा परदेशस्थ सभासदांकडून येणाऱ्या देणग्यांवर बराच वेळ चर्चा झाली. एका देणगीदारांनी आपली रक्कम केवळ धंदेशिक्षण घेणाऱ्या मुलांसच द्यावी, असे कळविले होते. दुसऱ्यांनी ज्या तालुक्यातून त्यांचे आजोबा बाहेर पडले, त्याच तालुक्यातील मुलांचा आग्रह धरला होता. तेव्हा एक वयोवृद्ध सभासद उठून म्हणाले, “पैसा त्यांचा, वसतिगृह आपले, मग मुलगा कोणाचा?” सभेत हशा पिकला, चहा आला आणि प्रश्न तसाच राहिला. घरी परतताना आम्हांस जॉन लंगालिबालेले डुबे यांची आठवण झाली. याच प्रश्नाशी त्या झुलू गृहस्थांनी शतकापूर्वी जन्मभर सामना केला होता, आणि त्यांच्या शाळेच्या अंगणात आपल्या नामदार गोखल्यांची पावलेही उमटलेली आहेत.

डुबे यांचा जन्म १८७१ साली इनांडा येथील मिशनच्या ठाण्यावर झाला. त्यांचे घराणे मूळचे कादी कुळाच्या प्रमुखांचे. वडील जेम्स डुबे हे ख्रिस्ती झाले आणि झुलू लोकांतील अगदी पहिल्या दीक्षित धर्मोपदेशकांत त्यांची गणना होऊ लागली. ज्या मिशनने त्यांस दीक्षा दिली ते बोस्टनचे अमेरिकन बोर्ड होय. या मंडळाचे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. १८१३ साली मुंबईस उतरलेले आणि पुढे अहमदनगरास ठाण मांडून बसलेले अमेरिकन मराठी मिशन ते याच मंडळाचे. १८४२ मध्ये नगरास सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ त्याच मिशनचा. म्हणजे नगरच्या मुलास ज्या तिजोरीतून पाटी-पुस्तक मिळे, त्याच तिजोरीतून इनांडाच्या मुलासही मिळे. ही गोष्ट त्या दोन मुलांस अर्थातच ठाऊक नव्हती.

१८८७ साली विल्कॉक्स नावाच्या एका मिशनरी गृहस्थांबरोबर तरुण डुबे अमेरिकेस गेले. ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे त्यांनी पूर्वतयारीच्या शाळेत शिक्षण घेतले. पोटासाठी पडेल ते काम करावे, उरलेल्या वेळात अभ्यास करावा आणि बोलावणे आले की एखाद्या चर्चमध्ये आपल्या देशाविषयी व्याख्यान द्यावे, असा त्यांचा क्रम होता. १८९२ साली त्यांनी आपल्या मायभूमीवर एक लहानसे इंग्रजी पुस्तक छापून घेतले. आपल्या देशबांधवांसाठी हातांना काम शिकविणारी शाळा काढावयाची, ही आकांक्षा तेव्हापासूनच त्यांच्या मनाशी होती. त्याच वर्षी प्रकृती बिघडल्यामुळे त्यांस मायदेशी परतावे लागले.

१८९४ साली त्यांचा विवाह नोकुटेला म्दिमा हिच्याशी झाला. नोकुटेला ही इनांडाच्या कन्याशाळेत शिकलेली, शिक्षिका, आणि विशेष म्हणजे उत्तम गाणारी. १८९६ साली पतिपत्नी दोघे अमेरिकेस गेली. ब्रुकलिन येथील मिशनरी शिक्षणसंस्थेत जॉन यांनी अध्ययन केले आणि १८९९ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. या तीन वर्षांतील त्यांची खरी कमाई मात्र पदवीची नव्हती. रविवारची प्रार्थना संपल्यावर डुबे यांनी उभे राहून झुलू मुलखाची हकीकत सांगावी, नोकुटेलाने आपल्या भाषेतील गीते म्हणावीत आणि मग बाकांच्या रांगांतून वर्गणीचे ताट फिरावे, अशी ती रीत होती. अशाच परिचयांतून ब्रुकलिन व न्यू यॉर्क येथील सहानुभूतिदारांची एक समिती उभी राहिली आणि तिने शाळेस पैसा पुरविण्याचे मनावर घेतले.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावयास हवी. अमेरिकन बोर्डाच्या पगारी सेवेत राहून बोर्डाच्याच पैशाने शाळा काढणे डुबे यांस सोपे गेले असते. परंतु मिशनच्या शाळेवर मिशनची मालकी असावयाची, मुख्याध्यापक गोरा असावयाचा आणि आफ्रिकी शिक्षकाने कितीही शिकून यावे तरी दुय्यमच राहावे, हा अनुभव त्यांनी जवळून पाहिला होता. म्हणून त्यांनी मिशनच्या वाटेने न जाता परक्या देशातील लोकांकडे स्वतंत्रपणे हात पसरला. दात्यांचे उपकार घ्यावयाचे, परंतु सत्ता आपल्या हाती ठेवावयाची, असा त्यांचा बेत होता. हा बेत ऐकावयास सोपा वाटतो. ज्याने कोणत्याही सार्वजनिक संस्थेची चिटणिशी दोन वर्षे केली असेल, त्यास तो किती अवघड आहे हे विचारावे.

याच काळात, १८९७ साली, डुबे यांनी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील संस्था पाहिली. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली ती स्थापन केली. तेथे विद्यार्थी स्वतः विटा भाजीत, इमारती बांधीत, शेती करीत आणि शिकत. डुबे यांस आपल्या स्वप्नातील शाळा तेथे साक्षात उभी दिसली. आपल्याकडील वाचकांस या पद्धतीची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे तर, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ म्हणून जे तत्त्व रुजविले, त्याच जातीचे हे तत्त्व होय.

तथापि दोहोंत एक फरक होता, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. टस्कीगीस सढळ हाताने देणाऱ्या धनिकांपैकी पुष्कळांस असे वाटे की, काळ्या मुलाने सुतारकी शिकावी, चांभारकाम शिकावे, परंतु लॅटिन व गणित यांच्या मागे लागू नये. म्हणजे तो उपयुक्त होईल व मागणे मागणार नाही. अर्थात सर्वच दाते असे नव्हते. ब्रुकलिनच्या चर्चमधील ज्या सामान्य बायाबापड्यांनी ताटात नाणे टाकले, त्यांच्या मनात इतका आडपडदा असण्याचे कारण नव्हते. परंतु ‘औद्योगिक शिक्षण’ हा शब्द उच्चारताच दात्यांच्या थैल्या सैल होत, ही गोष्ट डुबे यांनी ओळखली होती. त्यांनी संस्थेस तेच नाव दिले: झुलू ख्रिस्ती औद्योगिक शाळा. त्या नावाखाली त्यांनी मुलांना रंधा व हातोडा तर दिलाच. शिवाय इंग्रजी, संगीत आणि वर्तमानपत्रही दिले. आमच्या मते ही लबाडी नव्हे. मागणाऱ्यास दात्याची भाषा शिकावी लागते, आणि डुबे ती शिकले.

१९०१ साली इनांडानजीक ओहलांगे येथे शाळा सुरू झाली. मिशनच्या मालकीबाहेर, एका आफ्रिकी माणसाने स्वतः स्थापन केलेली दक्षिण आफ्रिकेतील पहिली शिक्षणसंस्था म्हणून ती ओळखली जाते. कादी कुळाच्या प्रमुखांचे पाठबळ तिला होते. शेजारच्या माउंट एजकोम येथील साखरसम्राट मार्शल कॅम्पबेल यांचेही साहाय्य होते. नाताळच्या वसाहत-सरकारास मात्र ही शाळा पहिल्यापासून खुपत असे. गोऱ्या देखरेखीवाचून काळ्यांची शाळा चालणार, आणि तीही अमेरिकेच्या पैशावर, म्हणजे यात काही राजकारण शिजत असणार, असा त्या सरकारचा तर्क होता. तर्क अगदीच निराधार नव्हता, असे आज म्हणता येईल!

हे १९०१ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शिक्षणनिधींचे मूळ पाहू जाता, त्यास त्या कोल्हापुरी वसतिगृहांचा आधार सापडतो. आणि त्याच्याही एक वर्ष आधी, १९०० साली, अण्णासाहेब कर्वे यांनी आपल्या अनाथ बालिकाश्रमासाठी पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडी घातली. तीन ठिकाणी तीन माणसे जवळजवळ एकाच वेळी वर्गणीची वही घेऊन निघाली होती.

अण्णासाहेबांचा उल्लेख आला म्हणून एक आडवाट घेतो. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षात, अण्णासाहेब आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका एवढा मुलूख त्यांनी पालथा घातला. १९१६ साली स्थापन झालेल्या आपल्या महिला विद्यापीठाच्या कार्याची माहिती तेथील हिंदी लोकांस द्यावी आणि त्यांच्याकडून साहाय्य मिळवावे, हा हेतू होता. म्हणजे डुबे आफ्रिकेच्या शाळेसाठी अमेरिकेस जात, तर कर्वे पुण्या-मुंबईच्या मुलींसाठी आफ्रिकेस गेले. मोंबासाच्या एखाद्या दुकानदाराने अण्णासाहेबांच्या झोळीत टाकलेला शिलिंग कोठून आला होता, याचा विचार केला म्हणजे मन क्षणभर थबकते. तो शिलिंग बहुतांशी आफ्रिकी गिऱ्हाइकाच्या हातचा होता. हिंगण्याच्या इतिहासात त्या गिऱ्हाइकाचे नाव असणे शक्य नाही. परंतु त्याची वर्गणी तेथे पोचलेली आहे.

आता पुन्हा ओहलांगेकडे वळू.

१९०३ साली डुबे यांनी ‘इलांगा लासे नाताल’, म्हणजे ‘नाताळचा सूर्य’, हे झुलू भाषेतील वर्तमानपत्र काढले. त्यांच्या स्वतःच्या ‘लंगालिबालेले’ या नावातही सूर्य आहेच. त्याच वर्षी दरबानमध्ये गांधीजींच्या प्रेरणेने ‘इंडियन ओपिनियन’ सुरू झाले. पुढच्या वर्षी, १९०४ साली, गांधीजींनी फिनिक्स येथे १०० एकर जमीन घेऊन आपला आश्रम वसविला. फिनिक्स आणि ओहलांगे ही जवळजवळची ठिकाणे. एकीकडे गांधीजींचा छापखाना, दुसरीकडे डुबे यांचा. एकीकडे आश्रमाची शाळा, दुसरीकडे झुलू मुलांची. दोघेही शरीरश्रमास शिक्षणाचा पाया मानणारे, दोघेही परक्या मुलखात शिकून आलेले.

इतके साम्य असताना त्या दोघांनी खांद्याला खांदा लावून कार्य केले असेल, असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही, आणि हे सांगताना आम्ही कोणाचीही भीड बाळगणार नाही. १९०५ साली डुबे यांचे एक भाषण गाजले. त्यावर गांधीजींनी आपल्या पत्रात लिहिले; ज्यांची ओळख करून घ्यावी असे हे गृहस्थ आहेत, त्यांनी फिनिक्सजवळ तीनशेहून अधिक एकर जमीन मिळवून तेथे आपल्या बांधवांस निरनिराळे धंदे शिकविण्याचे कार्य चालविले आहे, असा गौरव केला. परंतु त्या काळच्या हिंदी मंडळींच्या लिखाणात आफ्रिकी लोकांसाठी जे शब्द सर्रास येतात ते आज वाचवत नाहीत, आणि गांधीजींचे त्या वर्षांतील लेखनही त्यास अपवाद नाही. उलट बाजूस डुबे यांच्या मनातही हिंदी व्यापाऱ्यांविषयी अढी होती आणि त्यांच्या पत्रातून ती प्रकट होत असे. गोऱ्या सरकारने दोघांनाही खालच्या पायऱ्यांवर उभे केले होते. आणि ज्यांना एकाच जिन्यावर वर-खाली उभे केले जाते, त्यांची दृष्टी बहुधा जिना बांधणाऱ्याकडे न जाता शेजारच्या पायरीकडे जाते. जातिभेदाच्या उतरंडीत पिढ्यान् पिढ्या वावरलेल्या आपल्या समाजास हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

१९०६ साली नाताळात नव्या डोईपट्टीविरुद्ध बंबाथाचा उठाव झाला. डुबे यांनी सरकारच्या वागणुकीवर टीका केली तेव्हा गव्हर्नरांनी त्यांस बोलावून तंबी दिली आणि त्यांस आपल्या पत्रात दिलगिरी छापावी लागली. टिळकांच्या खटल्याचा इतिहास मुखोद्गत असणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकास ही दिलगिरी कदाचित मिळमिळीत वाटेल. परंतु ज्याच्या पाठीशी वसतिगृहात जेवणारी मुले असतात, त्याच्या धैर्याचा हिशेब एकट्या माणसाच्या धैर्याप्रमाणे मांडता येत नाही. शाळा बंद पडली असती तर सरकारास हवेच होते.

आणि आता नामदार गोखल्यांचा प्रसंग. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केप टाउन येथे उतरले. हिंदी लोकांवरील तीन पौंडांचा कर आणि इतर जुलमी कायदे यांविषयी बोथा व स्मट्स यांच्याशी बोलणी करण्यासाठी ते आले होते. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली असतानाही सभांमागून सभा त्यांनी केल्या. या प्रवासातील एक गमतीची गोष्ट गांधीजींनी नमूद करून ठेविली आहे. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांच्या सभेत गोखल्यांनी इंग्रजीत बोलू नये, मराठीत बोलावे, असा गांधीजींनी आग्रह धरला. कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते व काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. त्याचे हिंदुस्थानी भाषांतर आपण करू, असेही ते म्हणाले. त्यावर गोखले खळखळून हसले आणि, तुमच्या हिंदुस्थानीचा थांग तर मला लागलेला आहेच, आता मराठीचे हे पांडित्य कोठून आणले, अशा अर्थाचे त्यांनी विचारले. शेवटी गोखले मराठीत बोलले, आणि तेथून झांझिबारपर्यंत अशा सभांतून मराठीतच बोलत गेले. रत्नागिरी जिल्ह्यातून पोटासाठी आफ्रिकेस गेलेल्या त्या कोकणी मंडळींस पुण्याच्या एवढ्या थोर पुढाऱ्याच्या तोंडून आपली भाषा ऐकताना काय वाटले असेल!

नोव्हेंबरात गोखले फिनिक्स येथे गेले असता गांधीजी त्यांस ओहलांगेस घेऊन गेले. डुबे यांच्याशी तेथील आफ्रिकी लोकांच्या प्रश्नाविषयी त्यांचे बोलणे झाले. मुलांनी दोन झुलू गीते म्हणून दाखविली, शाळेच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय सुरावटी वाजविल्या. वर्तमानपत्रांतून आलेला वृत्तांत थोडक्यात एवढाच आहे.

हा प्रसंग लहान खरा, पण आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. भेटणारी दोन माणसे कोण होती ते पाहावे. गोखले यांनी ऐन तारुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीस वाहून घेतले, माफक वेतनावर वर्षानुवर्षे शिकविले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या इमारतीसाठी सुट्ट्यांमध्ये दारोदार वर्गणी गोळा केली. शाळेसाठी मागताना दात्याच्या दिवाणखान्यात किती वेळ बसावे लागते, हे त्यांस ठाऊक होते. समोर बसलेले डुबे तर त्याच वर्षी, ८ जानेवारी १९१२ रोजी, ब्लूमफाँटेन येथे स्थापन झालेल्या आफ्रिकी लोकांच्या राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अध्यक्ष निवडले गेले होते, तेही स्वतः सभेस हजर नसताना. हीच संस्था १९२३ पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे हिंदी राष्ट्रीय सभेचे एक माजी अध्यक्ष आणि आफ्रिकी राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष एका खेड्यातील शाळेत भेटले होते. दोघेही मूळचे शिक्षक, दोघेही वर्गणीदार गोळा करणारे.

वर्गणीचा ओघ तेव्हा हिंदुस्थानाकडूनही आफ्रिकेकडे वाहत होता. १९०९ साली रतन टाटांनी ट्रान्सवालमधील सत्याग्रहासाठी २५,००० रुपये दिले, आणि पुढे गोखल्यांच्या विनंतीवरून राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत अनेकांनी पैसा पाठविला. तो पैसा हिंदी लोकांच्या लढ्यासाठी होता. त्यात काही गैर नव्हते. संकटात सापडलेल्या आपल्या माणसास मदत करणे हा धर्मच आहे. परंतु ब्रुकलिनच्या लोकांचे आणि झुलू मुलांचे नाते कोणते होते? ना रक्ताचे, ना भाषेचे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा प्रश्न विचारावयाचा की नाही, याविषयी आमच्या मनात थोडा संकोच होता. तरी विचारतो. आपला निधी आपल्यासाठी, ही आपली रीत आहे आणि तिने पुष्कळ भले केले आहे. परंतु भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथील सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांशी त्यांचे जमले नाही. आणि पुढे १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे. ज्ञातीच्या वसतिगृहानेच त्यांस ज्ञातीपलीकडे पाहावयास शिकविले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ओहलांगेच्या पुढील इतिहासात पैशाची ओढाताण कायम राहिली. १९०४–०५ मध्ये पतिपत्नींनी पुन्हा अमेरिकेचा दौरा केला. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेच्या संयुक्त राज्याच्या मसुद्याविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन डुबे लंडनला गेले, तेव्हाही शाळेसाठी इंग्रज जनतेस आवाहन करणारे एक चोपडे त्यांनी छापले आणि तेथून पुन्हा अमेरिका गाठली. राजकारणाच्या सामानात शाळेची वर्गणीवही नेहमी असे. १९१३ साली जमिनीचा काळा कायदा झाला आणि आफ्रिकी माणसास बहुतेक साऱ्या देशात जमीन विकत घेणे बंद झाले. ज्या पायावर ओहलांगेसारखी संस्था उभी राहिली होती, तो पायाच इतरांसाठी काढून घेण्यात आला. १९१४ साली डुबे या कायद्याविरुद्ध शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले व रिकाम्या हाताने परतले. १९१७ साली त्यांनी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडले. धाकटे बंधू चार्ल्स यांनी शाळेत शिकविण्याचा भार उचलला होता, म्हणूनच इतकी भ्रमंती शक्य झाली.

या शाळेने आपल्या गळ्यावरही पैसा मिळविला. र्‍यूबेन कलूझा नावाचा तेथलाच विद्यार्थी पुढे तेथे संगीतशिक्षक झाला. त्याने बसविलेला ओहलांगेचा गायकवृंद गावोगाव आणि जोहान्सबर्गच्या खाणवस्त्यांपर्यंत जाऊन जलसे करी आणि मिळालेली रक्कम शाळेस देई. जमिनीच्या कायद्यावरील कलूझाचे गीत लोकांच्या तोंडी बसले. अमेरिकेच्या ताटात पडणाऱ्या नाण्यांबरोबर आता खाणीत राबणाऱ्या मजुराचे नाणेही येऊ लागले. आमच्या मते त्या दिवसापासून शाळा खऱ्या अर्थाने त्या लोकांची झाली. १९१४ साली दोन सत्रे तेथे शिकून गेलेला एक मुलगा म्हणजे आल्बर्ट लुथुली. १९६० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले.

डुबे यांस १९३६ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. ११ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले आणि ओहलांगेच्याच टेकडीवर त्यांस पुरण्यात आले. त्यानंतर १९५३ साली बांटू शिक्षण कायदा झाला. आफ्रिकी मुलास गोऱ्यांच्या चाकरीपुरते शिकवावे, असा त्याचा उघड हेतू होता. ज्या ॲडम्स कॉलेजात डुबे शिकले, ते १९५६ साली सरकारने ताब्यात घेतले. दात्यांच्या अटी सौम्य होत्या असे वाटावे, इतकी कठोर अट आता सरकारने घातली.

शेजाऱ्यांच्या नात्याचेही पुढे बरे झाले नाही. जानेवारी १९४९ मध्ये दरबानात आफ्रिकी व हिंदी लोकांत भीषण दंगल होऊन सरकारी आकड्याप्रमाणे १४२ माणसे मेली. ऑगस्ट १९८५ मध्ये इनांडातील हिंसाचारात फिनिक्स आश्रम जळाला आणि तेथील अनेक हिंदी कुटुंबे घरदार सोडून गेली. २००० साली आश्रमाची पुनर्बांधणी झाली.

२७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत सर्व लोकांस मताधिकार देणारी पहिली निवडणूक झाली. नेल्सन मंडेला यांनी आपल्या आयुष्यातील पहिले मत देण्यासाठी ओहलांगेची शाळा निवडली. प्रथम ते डुबे यांच्या समाधीपाशी गेले, आपला देश स्वतंत्र झाला असे त्यांनी पहिल्या अध्यक्षांस निवेदन केले आणि मग शाळेच्या इमारतीत जाऊन मतपत्रिका पेटीत टाकली. २०२४ साली युनेस्कोने मंडेलांच्या वारशाची जी स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत ओहलांगे आहे.

हे सारे लिहून झाल्यावर आमचे लक्ष पुन्हा नोकुटेलाकडे जाते. जिच्या गाण्याने ब्रुकलिनच्या चर्चमधील ताटे भरली, जिने ओहलांगेच्या मुलांना गावयास शिकविले, जिने पतीबरोबर १९११ साली झुलू गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ती पुढे पतीपासून दुरावली. तिला अपत्य नव्हते. जानेवारी १९१७ मध्ये जोहान्सबर्ग येथे तिचा अंत झाला, तेव्हा ती पंचेचाळिशीचीही नव्हती. ब्रिक्स्टनच्या दफनभूमीत तिला पुरले. वर दगड नव्हता, नाव नव्हते. शाळेच्या इतिहासातूनही तिचे नाव जवळजवळ पुसले गेले. मूळचे माली देशाचे आणि अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एका महाविद्यालयात शिकविणारे प्राध्यापक शेरिफ केईता यांनी अनेक वर्षे माग काढून ती जागा शोधली आणि तिच्यावर एक चित्रपट तयार केला. मृत्यूनंतर ९६ वर्षांनी, २०१३ साली, त्या जागी दगड बसविण्यात आला. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला.

ब्रुकलिनच्या त्या वर्गणीदारांपैकी बहुतेकांस ती शाळा कधी पाहावयास मिळाली नाही. नोकुटेलाचा आवाज मात्र त्यांनी ऐकला होता.